प्रतिगावातली रेवती

उन्नती बँकेचं पत्र माचणीवाडीत आलं, ते सरपंच रेवती झोरेच्याच आवाजात. पत्रं बोलायला लागून पंधरा-वीस वर्षं होऊन गेली होती, त्यामुळं त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते पत्रातल्या बाईचं. "आमचं बरं चाललंय हो," ती बाई अगदी रेवतीसारखं शेवटचं अक्षर लांबवत म्हणत होती, "रोपवे-बिपवे काही नको आमाला. ज्यांना खरंच नड हाय, त्यांना द्या. आन् या एकदा चहाला."

समाजमंदिराच्या ओट्यावर जमलेल्या गावानं आधी पत्राकडं पाहिलं आणि मग रेवतीकडं. पंचाहत्तरीच्या प्राजक्ताआजी गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "का गं, असं का म्हणलीस?"

"म्या कुठं म्हणले!" रेवती जवळजवळ ओरडलीच. "अर्ज म्याच केलता की! नको म्हणायला काय माझं डोस्कं फिरलंय?"

डोकं फिरायचं काही कारण नव्हतंच. माचणीवाडी सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, एक्केचाळीस घरांची. खाली उतरायला एकच पायवाट, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही नाही. मंगळावरून दगड आणणाऱ्या माणसाला माचणीवाडीतून दूध खाली नेता येत नव्हतं. शाळा खाली, दवाखाना खाली, बाजार खाली. रेवतीची नऊ वर्षांची पर्णीही खालीच, तालुक्याच्या वसतिगृहात. रोपवे झाला असता तर सकाळी पाळण्यात बसून ती शाळेत गेली असती आणि संध्याकाळी घरी जेवायला आली असती. सरपंच म्हणून रेवती सभेत दुधाबद्दल आणि दवाखान्याबद्दल बोलायची. पर्णीचं नाव तिनं कधी काढलं नाही. पण अर्ज भरताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पत्राच्या मागोमाग, आठच दिवसांत, बँकेचा माणूस आला. डॉ. तन्मय मेश्राम. मूळचे नागपूरचे, कामाला नैरोबीत. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे. घाट चढून त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. हातात काचेची फ्रेम होती आणि फ्रेममध्ये मानपत्र.

"सरपंचताई, तुमचे पाय धरायला आलोय मी," ते म्हणाले. "बत्तीस हजार गावांना आम्ही मदत विचारली. दुसऱ्याला द्या म्हणणारं हे पहिलं गाव!"

"डॉक्टर, बसा आधी. पाणी घ्या," रेवती म्हणाली. "आन् मग सांगा, तुमी विचारलं कुणाला? मला तर कुणी विचारलंच न्हाई."

मेश्राम पाणी पिता पिता थांबले. मग शाळेतल्या मुलांना सांगावं तसं त्यांनी सांगायला घेतलं, आणि खरं तर त्यांना हे सांगायला फार आवडायचं.

गरिबी हटवणाऱ्या बँका शंभर-सव्वाशे वर्षांपासून होत्या. देशोदेशींनी वर्गणी काढून त्या उभ्या केलेल्या. कुठं धरण, कुठं रस्ता, कुठं शाळा असं त्या बांधत राहिल्या आणि बरंचसं भलंही झालं. पण रस्ता बांधल्यावर गरिबी कमी झाली की नुसता रस्ता झाला, हे कळायला वीस वर्षं जायची, आणि तोवर ठरवणारे साहेब निवृत्त झालेले असायचे. यावरचा उपाय म्हणजे प्रतिगाव. गावाची जशीच्या तशी नक्कल, पण गणकयंत्राच्या आत. त्यात प्रत्येक घर, प्रत्येक जनावर, प्रत्येक वाट आणि प्रत्येक माणूस त्याच्या स्वभावासकट उतरवलेला. त्या गावात आधी रोपवे बांधून बघायचा, पंचवीस वर्षं चालवून बघायचा. आतली पंचवीस वर्षं बाहेरच्या चाळीस मिनिटांत संपतात. भलं झालं तर खऱ्या गावात बांधायचा, नाही तर दुसरं काही.

"ते समदं ठीक," रेवती म्हणाली. "पण हवं-नको ते आमाला विचारायचं की."

"तिथंच तर गोम आहे, ताई. बँकेची गाडी आली की खऱ्या गावात कोण बोलतं? ज्याला ठेका हवाय तो बोलतो. बाकीचे माना डोलावतात. प्रतिगावात ठेकेदार पाठीशी उभा नसतो. तिथल्या बाईला एकटीला गाठून विचारता येतं, आणि ती तेच बोलते जे तुम्ही बोलला असता. म्हणून आमचा नियमच आहे, होकार-नकार प्रतिगावातल्या सरपंचाचा धरायचा. या पद्धतीनं चौदा वर्षांत जगातली निम्मी गरिबी हटली आहे. चूक झालेली नाही अजून."

"आता झालीय," रेवती म्हणाली.

मेश्रामांना ते पटलं नाही. पण घरोघरी चहा घ्यायला त्यांची हरकत नव्हती, आणि चहा घेतल्याशिवाय गाव त्यांना सोडणारही नव्हतं. पहिला चहा प्राजक्ताआजींकडं झाला. ऐसपैस हातांची लाकडी खुर्ची, खाली निळी सतरंजी, सोनेरी काठाचा कप, भिंतीवर मोराचं चित्र असलेलं घड्याळ आणि अंगणात दुभती म्हैस. दुसरा चहा शेजारच्या घरी. तिथंही ऐसपैस हातांची खुर्ची, निळी सतरंजी, सोनेरी काठाचा कप, मोराचं घड्याळ, आणि म्हैस जरा धापा टाकत उभी. मेश्राम खुर्चीत टेकले आणि चटकन उठले. त्यांनी बैठकीवर हात ठेवून पाहिला.

"ही खुर्ची गरम आहे," ते म्हणाले.

मेश्रामांनी कप उचलून काठावरून बोट फिरवलं. आजींकडच्या कपाचा टवका जिथं उडाला होता, तिथंच याचाही उडाला होता. मागच्या दारातून दोन माणसं घड्याळासाठी वाट बघत डोकावत होती, ती आता पार ओशाळून गेली.

"गावात खुर्च्या किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक," रेवती म्हणाली.

"आणि म्हैस?"

"दुभती एकच. बाकी भाकड हाईत."

माचणीवाडीत पाहुण्यांचा सरंजाम गावाचा मिळून एक होता. आजोबा-पणज्यांनी कधीतरी जमवलेला. पाहुणा ज्या घरी जाईल, त्या घरी मागच्या दारानं सरंजाम आधी पोचायचा. घड्याळासाठी प्रत्येक भिंतीत खिळा ठोकलेला होता. ताज्या दुधाचा चहा पाजायचा म्हणून म्हैसही हिंडायची. गेल्या वर्षी बँकेची मोजणीची ताई दिसेल ते टिपून घेणारा नोंदचष्मा लावून घरोघर आली, तेव्हाही गावानं रीतीप्रमाणं तिचं स्वागत केलं. आणि प्रतिगावात एक्केचाळीस खुर्च्या, एक्केचाळीस घड्याळं आणि एक्केचाळीस दुभत्या म्हशी जाऊन बसल्या.

मेश्रामांनी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग ते पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी सांगितलं की सगळ्या घरांत एकसारख्या वस्तू दिसल्यावर यंत्रानं गावाला 'सामूहिक खरेदीची प्रगल्भ सवय' म्हणून जादा गुणसुद्धा दिले होते. ते हसले म्हटल्यावर गावही हसायला लागलं. फक्त प्राजक्ताआजी हसल्या नाहीत. "मग काय, पाव्हण्याला भुईवर बसवायचं?" त्यांनी फणकाऱ्यानं विचारलं. "गरिबी असंल, पण ती पाव्हण्याच्या पुढ्यात मांडायची व्हय?"

"बरोबर आहे, आजी," मेश्राम म्हणाले. "चाळीस म्हशी आत्ता काढून टाकतो."

त्यांच्या पाठपिशवीत जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं, ते त्यांनी ओट्यावर मांडलं. खुर्च्या खोडल्या, घड्याळं खोडली, म्हशी खोडल्या. माचणीवाडीचं प्रतिगाव पुन्हा चालू झालं, या खेपेला खरोखरीचं. मेश्रामांनी आत बँकेचा फोन लावला आणि प्रश्न विचारला.

"आमचं बरं चाललंय हो," यंत्रातून रेवतीचा आवाज आला. "ज्यांना खरंच नड हाय, त्यांना द्या."

"अगं बया!" आजी म्हणाल्या.

मेश्राम गोंधळले. मग एकाएकी रेवतीकडं वळून, गावासमोर, त्यांनी सरळ विचारलं, "सरपंचताई, खऱ्या तुम्ही सांगा. माचणीवाडीला रोपवे हवाय का?"

रेवतीनं तोंड उघडलं. समोर पाहुणा माणूस, भोवती सगळा गाव. आणि तिनं स्वतःच्या कानांनी स्वतःला बोलताना ऐकलं, "आता तसं... चाललंय की आमचं. हुईल तसं हुईल. तुमी का उगा तरास..."

ओटा हास्यानं दणाणला. रेवतीचे कान लाल झाले. मेश्राम मात्र हसले नाहीत. यंत्र चुकलं नव्हतं, हे आता त्यांना कळलं होतं. यंत्रानं खुर्ची-म्हशीबरोबर बाईसुद्धा हुबेहूब उतरवली होती.

"एक अडचण आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एका गावाला तीनदाच विचारता येतं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा नकार आला तर फाईल दहा वर्षांसाठी बंद."

दहा वर्षं. पर्णी एकोणीस वर्षांची झाली असती. रेवतीला एकदम रडूच यायला लागलं, आणि चारचौघांत रडू येतंय याचा रागही आला. ती ओट्यावरून उठून समाजमंदिराच्या आत जाऊन बसली. मेश्राम मागोमाग गेले आणि दाराशी उभे राहिले.

"ताई, मनातलं खरंखुरं तुम्ही कुणाला सांगता?"

"कुणालाच न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोताला सांगते. म्हशीचं शेण काढताना."

मेश्राम दाराच्या चौकटीला टेकले. बँकेनं सतत चूक केली ती इथंच, असं त्यांच्या मनात आलं. विचारणारा नेहमी बँकेचा, म्हणजे पाहुणा. आणि कुणी विचारावं याबद्दल नियमात तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मग तुम्हीच विचारा," ते म्हणाले. "तिला फोन लावून देतो. फक्त ती स्वतः प्रतिगावात आहे हे तिला कळता कामा नये. कळलं की उत्तर बाद. तुम्ही आपलं दुसऱ्या कुठल्या वाडीच्या सरपंच व्हा."

"आन् ती हो म्हणली तर?"

"तर मंजूर! प्रतिगावाचं काम तिथंच संपतं. बंद करतो."

"बंद म्हंजे? मरत्यात?"

"छे हो," मेश्राम हसले. "आकडे आहेत ते. पाटीवरची बेरीज पुसली म्हणून कुणी मरतं का? आणि बत्तीस हजार गावं कायम आत चालवत बसायची तर जगातली सगळी वीज तिथंच खर्ची पडेल."

रेवतीला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि यंत्र जवळ ओढलं.

घंटी वाजली. पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, मग खोकल्याचा. तो खोकला प्राजक्ताआजींचा होता. बाहेर ओट्यावर खऱ्या आजीही तशाच खोकल्या, आणि रेवतीच्या अंगावर काटा आला.

"कोण बोलतंय?" पलीकडची रेवती म्हणाली.

"म्या... म्या पल्याडच्या डोंगरावरनं बोलते. खडकवाडीची सरपंच. तुमाला रोपवे मिळतोय म्हनं?"

"मिळतोय कुठला! आमाला नको. तुमी घ्या की."

"आमाला कशाला! आमचं बरं चाललंय."

"आमचं बी बरं चाललंय. तुमी घ्या."

"न्हाई, न्हाई, तुमी घ्या."

मेश्रामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. लग्नघरी मानाच्या ताटावर बसायला दोन विहिणींनी एकमेकींना पुढं ढकलावं तसं हे चाललं होतं, आणि थांबायचं चिन्ह दिसेना. शेवटी खरी रेवती गप्प झाली. तिला कळलं, की आपण हरल्याशिवाय ही हरणार नाही. हिला आपण चांगलं ओळखतो.

"खोटं बोलले म्या," ती म्हणाली. "आमचं बरं न्हाई चाललं. माझी लेक खाली वसतिगृहात हाय. नऊ वर्साची. जूनमधी पोचवली की दसऱ्यालाच दिसती. मागल्या दसऱ्याला आली तर माझ्याच घरात मला विचारती, 'आई, पाणी घेऊ का?' पाव्हण्यावानी." तिचा आवाज फाटला. "कुणाला बोलले न्हाई म्या हे. नवऱ्याला बी न्हाई. जेवताना तिचं ताट बी घेते कधी कधी. मग परत ठेवते."

पलीकडं नुसत्या कोंबड्या बोलत राहिल्या.

"ताटाचं तुमाला कुणी सांगितलं?" पलीकडची रेवती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कुणी न्हाई."

"म्या बी घेते."

पलीकडची रेवती नाक ओढत हसली. "काय बाया आपण बी! डोंगराएवढी नड, आन् म्हनं बरं चाललंय." तिनं खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "बरं. म्या मागते. बँकेला सांगते, हवाय म्हणून. पण आधी मला एक सांगा. तुमी ते रोपवेचं कुठं बघितलंया का? पाळणा झाला, की पोरगी खरंच रोज घरी येती का?"

मेश्रामांचं बोट बटणावर होतं. हो आलं की त्यांना नोंद करायची होती, बस्स. त्यांनी मान हलवून रेवतीला खूण केली, बोला.

रेवतीनं त्या बोटाकडं पाहिलं.

"येती," ती म्हणाली. "रोज येती. संध्याकाळी. तुमची बी येईल."

"मग हवाय," पलीकडची रेवती म्हणाली. ती इतकी खुश झाली होती की पुढं तिनं आजींना हाक मारायला सुरुवात केली, "आजे, ऐकलंस का, पर्णी..."

यंत्र टिंग करून वाजलं. कोंबड्या थांबल्या.

"मंजूर!" मेश्राम उडालेच. "ताई, मंजूर! जिंकलात!"

"तिनं फोन ठेवला का?" रेवतीनं विचारलं.

"अं? नाही... म्हणजे तशी वेळच येत नाही ना." मेश्राम यंत्र मिटता मिटता म्हणाले, पण बोलताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

बाहेर बातमी गेली आणि ओट्यावर ढोल वाजायला लागला. म्हशीला हळद-कुंकू झालं. खुर्चीत मेश्रामांना बसवून चौघांनी ती उचलून मिरवली. रेवतीही नाचली, आणि खोटं कशाला सांगा, मनापासून नाचली. तिला आनंदच झाला होता. पाळणा येणार होता, पर्णी येणार होती. मनात कुठंतरी एक अर्धवट हाक राहून गेली होती, ती ढोलात ऐकू येत नव्हती.

रोपवे दोन वर्षांत झाला. दूध खाली जायला लागलं, दवाखाना अकरा मिनिटांवर आला. मेश्राम नैरोबीहून अधूनमधून पत्र पाठवायचे, त्यांच्या आवाजात. रोपवेच्या दुसऱ्या पावसाळ्यात आलेलं पत्र रेवतीनं पाळण्याच्या फलाटावर, छत्रीखाली उभं राहून ऐकलं. बँकेनं त्या दिवशीच्या फोनची रीतसर पद्धत केली होती, आणि तिला नाव दिलं होतं 'माचणी पद्धत'. आता प्रत्येक गावात अवघडलेल्या, मानी, तोंड न उघडणाऱ्या बायकांना यंत्रासमोर बसवून त्यांचा त्यांच्याशीच फोन जोडून देत. बोलिव्हियात, इथिओपियात, सुंदरबनात. नकार जवळपास संपले होते. गरिबी पहिल्यापेक्षा दुप्पट वेगानं हटत होती. मेश्रामांना बढती मिळाली होती आणि ती खुशी आवाजात जाणवत होती.

"अहवालात नाही घातलं असं एक सांगतो, ताई," पत्राच्या शेवटी ते जरा अडखळत म्हणाले. "आतली बाई शेवटी दर वेळी तेच विचारते. माझंही होईल ना? एकोणीस हजार फोन तपासले मी. आणि बाहेरची दर वेळी हो म्हणते. प्रत्येकीला आधी सांगितलेलं असतं, की आतलं बंद होणार. तरी 'नाही' म्हणालेली एकही बाई अजून सापडली नाही मला. मी शोधतोय."

रेवतीनं पत्र मिटलं. धुक्यातून घरघर ऐकू आली आणि पिवळा पाळणा फलाटाला येऊन टेकला. शाळेची सहा पोरं कलकलाट करत उतरली. त्यांत पर्णी होती, दप्तर डोक्यावर, बूट चिखलानं भरलेले, भुकेनं कातावलेली. रेवतीनं तिला ओढून पोटाशी धरलं. बाकीची पोरं पुढं निघून गेली. पाळणा रिकामा होऊन परत खाली गेला. तरी तिनं सोडलं नाही.

"आई, सोड की," पर्णी कुरकुरली. "रोजचंच हाय तुझं. किती येळ धरतीस?"

"थांब जरा," रेवती म्हणाली. "माझं झालं. अजून एकीचं राह्यलंय."